१५ रुपयांचं तिकीट आणि एकदाच होणारं नाटक

मुंबईचं नाटक आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरात यायचं असलं की आठ दिवस आधीपासून क्रांती चौकात फलक दिसायला लागतात. त्यावर मालिकेतले ओळखीचे चेहरे असतात, तिकीट ४००-५०० रुपये असतं आणि पुढच्या रांगा भरतात. भरू देत. त्यातली काही नाटकं मीही पाहिली आहेत आणि मनापासून आवडली आहेत. पण नोव्हेंबर लागला की इथं राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू होते, तेव्हा तिकीट १५ आणि १० रुपये असतं आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. मराठवाड्यात आज जे चाललंय त्यावर कुणीतरी पहिल्यांदाच लिहिलेलं नाटक बघायचं असेल, तर ते या रिकाम्या खुर्च्यांसमोर होतं. हंगाम तोंडावर आलाय म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी वाळूजला एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागात आहे. राहायला बजाजनगरात, मूळ गाव घनसावंगी तालुक्यात. नाटकात कधी काम केलेलं नाही, पण नेमाने जाणारा प्रेक्षक आहे. पहिली पाळी असली की दुपारी सुटतो, घरी जाऊन अंघोळ उरकतो आणि नगर नाका, बाबा पेट्रोल पंप करत सातच्या आत सभागृहात असतो. दुसरी पाळी आली तर कुणाशी तरी बदलून घेतो. लाइनवरच्या लोकांना आता सवय झाली आहे. नोव्हेंबर आला की तेच विचारतात, "यंदा कोणत्या दिवशी पाहिजे पाळी?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही स्पर्धा सांस्कृतिक कार्य संचालनालय १९५४ पासून घेत आलंय. भाग घेणारे संघ हौशी. शिक्षक, बँकेतले लोक, महाविद्यालयातली मुलं, शेती बघून नाटक करणारे, अंगणवाडीच्या ताई. दिवसभर रंगमंचावर नेपथ्य उभं करायचं, संध्याकाळी प्रयोग करायचा आणि रात्री सगळं सोडवून टेम्पोत भरायचं. दुसऱ्या दिवशी तिथं दुसरा संघ. बाहेरगावचे परीक्षक पुढे बसून कागदावर लिहीत असतात. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अभिनय अशी बक्षिसं असतात. वर आलेला संघ अंतिम फेरीला दुसऱ्या शहरात जातो. बाकीच्या नाटकांचं काय होतं? बहुतेकांचं काहीच होत नाही. दोन-तीन महिन्यांची तालीम, एक संध्याकाळ, संपलं. मी ज्यांच्याबद्दल खाली लिहितोय ती नाटकं तुम्हाला आता कुठंही बघायला मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या हंगामातलं एक नाटक माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. गोदाकाठच्या एका तालुक्यातला संघ होता. विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा. बीड जिल्ह्यात तोडणीला जाणाऱ्या किती बायकांची गर्भाशयं काढली गेली, हा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता, चौकशी समिती नेमली गेली होती, पेपरात रोज येत होतं. मग पेपरातून तो मागे पडला. या संघाने तो परत समोर आणून ठेवला.

रंगमंचावर एक कोपी, म्हणजे तोडणीवाल्यांची झोपडी, एक लाकडी फळी आणि उसाचा ढीग. फळी तिरकी लावलेली, तिचं वरचं टोक विंगेत गेलेलं. तिकडे ट्रॉली आहे हे आपण समजून घ्यायचं. तीन बायका पूर्ण वेळ काम करत राहतात. एक उसाचं वाढं, म्हणजे शेंडा, तोडून बाजूला टाकते, एक मोळी बांधते, एक डोक्यावर घेऊन फळीवरून चढून विंगेत जाते आणि रिकामी परत येते. बोलणं चालूच. नवऱ्यांची पात्रं नाहीत, मुकादमही दिसत नाही. त्याचा आवाज प्रेक्षागृहाच्या मागच्या दारातून येतो, म्हणजे तो आपल्या पाठीमागे उभा असतो. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा अर्धं सभागृह मागे वळलं. दिग्दर्शकाने हे फार विचाराने केलं होतं. सगळ्या संध्याकाळभर आपल्याला मान वळवावीशी वाटते आणि आपण वळवत नाही.

गोष्ट साधी आहे. दसऱ्यानंतर उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन निघालेले तीन कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या तीन जोड्या. त्यातल्या एका बाईच्या पोटात दुखतंय. दुखलं की बसावं लागतं, बसलं की खाडा, खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. दुसरी तिला सांगते की पिशवी काढून टाक, मी काढली, मोकळी झाले. आणि मग ती हिशोब घालते. महिन्यातले चार दिवस, चार खाडे, सहा महिन्यांचे किती, ऑपरेशनचे किती, तीन वर्षांत फिटतात. हा सगळा हिशोब मोळी बांधता बांधता, एकदाही हात न थांबवता. आवाजात रडणं नाही, राग नाही. बाजारात भाव सांगावा तसा. माझ्या मागच्या रांगेत एक वयस्कर बाई होत्या. त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, "माझ्या बहिणीचीबी काढली, तिशीच्या आतच." त्यापुढे त्या बोलल्या नाहीत आणि सभागृहातही कुणी खोकललं नाही.

मला यात धाडस वाटलं ते लेखनाचं. पिशवी काढ म्हणणारी बाई वाईट दाखवलेली नाही. ती मैत्रिणीचं भलंच करतेय, तिच्या परीने बरोबरच सांगतेय. डॉक्टरचं पात्र आणून त्याला शिव्या घालणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. लेखिकेने तो मोह टाळला. बायकांनी बायकांना समजून सांगून हे सगळं कसं झालं, तेवढंच दाखवलं. गावाकडे मोठा झालेल्या कुणालाही हे खोटं वाटणार नाही.

शेवटची वीस मिनिटं मात्र घसरली. समाजसेविकेचं एक पात्र येतं आणि आतापर्यंत जे आपल्याला कळलेलं आहे ते सगळं भाषण करून परत सांगतं. त्या वेळी तिन्ही बायका नुसत्या उभ्या. हात थांबले आणि नाटकही थांबलं. प्रकाशयोजनेतही गडबड होती, पहाटेच्या प्रसंगाला दुपारचं ऊन पडलं होतं. पण शेवटी पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, हिशोब होतो आणि पुढच्या वर्षीची उचल हातात घेताना त्या दुखणाऱ्या बाईने वहीकडे एकदा बघितलं, तेवढ्यात ती भाषणाची वीस मिनिटं मी माफ केली.

नंतर मागे गेलो. छोट्या हत्तीत फळी आणि उसाचा ढीग चढवणं चाललं होतं. मी विचारलं, परत प्रयोग कधी? दिग्दर्शक पोरगा तिशीचा असेल. म्हणाला, "आता कुठला प्रयोग दादा. टेम्पोचं भाडंच अजून अंगावर आहे. गावात करावं म्हणायलो तर तोडणीवाले सगळे कारखान्यावर गेलेत. ज्यांचं आहे तेच बघायला नाहीत."

दुसरं नाटक माझ्या कामाच्या जागेचंच निघालं, त्यामुळे मी जरा कडक नजरेने बघत होतो. रात्रपाळी, दोन कामगार, एक पॉवर प्रेस. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, म्हणजे प्रेस खाली येत नाही. कारण हात बटणावर असला की तो डायमध्ये, म्हणजे साच्यात नसतो, एवढंच. पण जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, आत ठेवायचा, दोन्ही हात बाहेर काढायचे, मग दाबायचं, यात वेळ जातो. म्हणून कुठे कुठे एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवतात. उत्पादन वाढतं. आणि एखाद्या रात्री बोटं जातात. नाटक या चिकटपट्टीवर होतं.

रंगमंचावर मशीन म्हणून एक रंगवलेली लाकडी पेटी आणि वर लाल दिवा. स्ट्रोकचा आवाज विंगेतून लोखंडी पिंपावर हातोडा मारून काढत होते. सुरुवातीला हसू आल्यासारखं झालं. पण तो आवाज रात्र चढत जाते तसा जलद होत गेला, आणि मध्यंतराआधी माझे स्वतःचे खांदे त्या तालावर आवळले गेले होते. जुन्या कामगाराचं काम करणाऱ्या नटाचं मला खास सांगायचंय. नवा माणूस कामाला लागला की सारखा डायकडे बघतो. मुरलेला माणूस काउंटरकडे बघतो, किती नग झाले त्याकडे. त्या नटाची नजर बरोबर काउंटरवर जात होती. त्याने कुठल्या तरी शॉपमध्ये उभं राहून हे पाहिलेलं असणार, घरी बसून हे सुचत नाही. नव्या पोराचं काम करणारा मात्र जॉब फारच हळुवार उचलत होता. पत्र्याची कड हाताला लागते, हातमोजे फाटतात, तो माल असा उचलता येत नाही.

या नाटकातही मालक रंगमंचावर येत नाही. चिकटपट्टी लावलेली असते ती कंत्राटी पोराने, टार्गेट पुरं झालं तर आपल्याला कायम करतील या आशेने. बोटं जातात ती कायम कामगाराची. आणि त्याला पट्टीबद्दल माहीत होतं. माहीत असून तो गप्प होता, कारण नग त्याच्याही नावावर चढत होते. चौकशीत आता कोण काय सांगणार, यावर दुसरा अंक. आमच्याकडे सुरक्षेवरच्या सगळ्या व्याख्यानांत एक शहाणा माणूस आणि एक मूर्ख माणूस असतो. इथं दोघंही शहाणे होते आणि दोघांनाही घरी पैसे न्यायचे होते. मी सोबत आमच्या लाइनवरच्या एकाला नेलं होतं. तो नाटकभर काही बोलला नाही. परत येताना छावणीत चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "सुपरवायझरला दाखवायला पाहिजे हे." मग जरा वेळाने, "आपल्यालाबी."

शेवटी सगळ्यांनी पुढे येऊन गाणं म्हटलं. ते नको होतं.

बाकीच्यांबद्दल पटकन सांगतो. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, यावर दरवर्षी दोन-तीन नाटकं असतात. विषय खरा आहे, पण नाटकं एकसारखी होत चालली आहेत. तोच मध्यस्थ, तीच नोकरीवालाच नवरा मागणारी मुलगी. त्या मुलीच्या बाजूने कुणीतरी एकदा लिहावं. एक नाटक जवळजवळ शब्दांशिवाय होतं, पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या रांगेचं. मला ते पूर्ण कळलं असं म्हणणार नाही, पण रिकाम्या घागरींचा आवाज त्यांनी ज्या पद्धतीने वापरला तसा मी पूर्वी ऐकलेला नव्हता. काही संघ जुन्या गाजलेल्या संहिता घेतात आणि त्याच पद्धतीने करतात. ती मी सोडून देतो. आणि आपल्याकडचीच पोरं पुण्यातल्या दिवाणखान्यातलं मराठी बोलायला लागली की नट अर्धा तिथंच अडकतो. ऊसतोडीच्या नाटकातल्या बायका "जायलेय", "करायलेय" म्हणत होत्या आणि एकही वाक्य घशात अडकलं नाही.

असं नाटक मराठवाड्यात नव्याने सुरू झालेलं नाही. या शहरात मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं 'युगयात्रा' झालं ते १९५५ साली. नांदेडच्या दत्ता भगतांनी 'वाटा पळवाटा'त दलित चळवळीतल्या पिढ्या एकमेकांसमोर उभ्या केल्या, आपल्याच माणसांना प्रश्न विचारले. 'चारचौघी' १९९१ साली आलं आणि मुंबईत गाजलं, पण ते लिहिणारे प्रशांत दळवी आणि बसवणारे चंद्रकांत कुलकर्णी इथल्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून गेलेले. तीस वर्षांनी, २०२२ मध्ये ते परत रंगमंचावर आलं तेव्हाही लोकांनी गर्दी केली. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग तर कितीतरी नटांना घडवत आलाय. या सगळ्यांची सुरुवात छोट्या सभागृहांत, थोड्या प्रेक्षकांसमोर झालेली आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला नाटकाची गोडी लागली ती जांबसमर्थमुळे. आमच्या घनसावंगी तालुक्यातलंच गाव, समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथल्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं आणि नंदू माधव यांनी बसवलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ साली आलं. त्यात काम करणारे बरेचजण आमच्याकडचे, शेती करणारे. शिवाजी महाराजांचं नाव घेऊन कोण काय करतंय, हे इतक्या उघडपणे आणि इतकं हसवत कुणी आमच्या बोलीत विचारलं नव्हतं. तोवर मी नाटक म्हणजे लांबून यायची वस्तू समजत होतो. शेजारच्या गावचा माणूस रंगमंचावर उभा राहून आपल्या भाषेत महाराष्ट्राला प्रश्न विचारतोय, हे बघितल्यावर मी दरवर्षी अशा माणसाला शोधायला जायला लागलो. प्राथमिक फेरीत तो सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आता यंदासाठी काही उपयोगाच्या गोष्टी.

वेळापत्रक स्थानिक पेपरांच्या आतल्या पानावर येतं आणि सभागृहाबाहेर लावलेलं असतं. त्यात संस्था, नाटक, लेखक, दिग्दर्शक अशी नावं असतात. मी आधी लेखकाचं नाव बघतो. नाव ओळखीचं नसेल आणि संस्था तालुक्याच्या गावची असेल, तर त्या दिवसावर खूण करतो. अशा नाटकांत फसवणूक होऊ शकते, पण जे काही नवं मी पाहिलं ते याच खुणांमधून मिळालं. वेळापत्रकात कधी कधी अदलाबदल होते, म्हणून निघण्याआधी त्या दिवशीचा पेपर बघा. इथं जमत नसेल तर नांदेड, परभणी, लातूरकडेही केंद्रं असतात. गावाकडे कुणी असेल तर त्यांना सांगा.

बसायला मधली किंवा त्याच्या पुढची रांग घ्या. हौशी नटांचा आवाज कमावलेला असतोच असं नाही, आणि एका सभागृहात तर मागच्या रांगांना पंख्याच्या आवाजात निम्मे संवाद कळत नाहीत. मध्यंतराला उठून जाऊ नका. पहिला अंक अडखळलेला आणि दुसरा एकदम पकडीत आलेला, असं या नाटकांत फार वेळा होतं, कारण नटांची भीती मोडायला तेवढा वेळ लागतो. नववी-दहावीच्या मुलींना घेऊन जा. ऊसतोडीच्या नाटकाला माझ्या पुढे एक मुलगी आईसोबत बसली होती. मध्यंतरात तिने आईला जे प्रश्न विचारले ते शाळेत कुणी विचारू दिले नसते. आई न लाजता उत्तरं देत होती.

आणि नाटक आवडलं तर मागे जाऊन त्यांना तसं सांगा. बक्षीस मिळो न मिळो, तुम्ही कोणत्या प्रसंगाला हललात हे ऐकायला ती माणसं थांबलेली असतात. कुठे काय खटकलं तेही सांगा, ऐकून घेतात. पत्र्याची कड कशी लागते ते मी त्या नव्या नटाला दाखवलं तेव्हा त्याने माझा हात धरून तळव्यावरचे वण बघितले आणि म्हणाला, आधी भेटायला पाहिजे होतात.

पण यातून एका संध्याकाळीचा प्रश्न सुटत नाही. इतकी तयारी करून उभं केलेलं नाटक एका रात्रीत टेम्पोत जाऊन बसतं, हे मला दरवर्षी जास्त खुपतं. स्पर्धेच्या पलीकडे या नाटकांना जागा लागेल ती महाविद्यालयांनी, गणेश मंडळांनी, कामगार संघटनांनी द्यावी. गणपतीत ऑर्केस्ट्रासाठी जेवढे पैसे जातात त्यात असे तीन प्रयोग होतील. ऊसतोडीचं नाटक कारखान्यांच्या आवारात, कोप्यांच्या समोर व्हायला पाहिजे, तोडणी चालू असताना. कुणाचा साखर कारखान्याशी संबंध असेल तर त्यांनी हे मनावर घ्यावं.

माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी सुरू केलंय. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि त्या आठवड्यात आमच्याकडे पोस्टर स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा, एखादं व्याख्यान असतं. यंदा त्या आठवड्यात प्रेसचं नाटक कॅन्टीनच्या हॉलमध्ये करावं असा अर्ज युनियनमार्फत दिलाय. लाइनवरच्या बऱ्याच जणांनी सह्या केल्या. सेक्रेटरींनी विचारलं की संघाची मागणी काय आहे. मी फोन लावून दिला. टेम्पोचं भाडं, बारा माणसांचं जेवण, आणि दोन तास मशीन बंद.